अर्धा शब्द व पुरा अर्थ

पोशेऱ्यास येणारें एखादें पत्र हातीं घ्या व त्यावरील पत्ता लक्षपूर्वक वाचा. "मु. पोशेरा, ता. मोखाडा, जि. पालघर" असें त्यावर लिहिलेलें असतें. 'मु.' म्हणजे मुक्काम, 'ता.' म्हणजे तालुका, 'जि.' म्हणजे जिल्हा, हें आपणांस कोणी व केव्हां शिकविलें तें आठवतहि नाहीं. आतां पाकीट फोडून आंतील पत्र पाहा. त्याच्या शिरोभागीं "ता. १४ जून" असें कांहींसें असेल. येथें 'ता.' म्हणजे तालुका नव्हे, तारीख. अक्षर एक, टिंब एक, आणि अर्थ दोन. तरी वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाहीं. पुढें गांवाचें नांव आलें कीं तालुका, अंक आला कीं तारीख, असा निवाडा आपलें मन क्षणार्धांत करतें.

हा निवाडा मनुष्यास सोपा वाटतो. पण तोच यंत्राकडून करवून घ्यावयाचा म्हटला म्हणजे त्यांत किती विचार भरलेला आहे तें कळूं लागतें. संगणकास दिलेली आज्ञा अर्ध्या शब्दांत असेल तर ती त्यानें कशी समजून घ्यावी, आणि कोणत्या वेळीं "मला कळलें नाहीं" असें म्हणून थांबावें, हा ह्या लेखाचा विषय आहे. विषय कित्येकांस परका वाटेल. परंतु त्याचा संबंध आमच्या शाळेंतील एका मुलीच्या नांवाशीं आलेला आहे. तो वृत्तान्त पुढें येईल.

मोबाईलवर अगर संगणकावर आपण चित्रांवर बोट ठेवून कामें करतों. परंतु यंत्राशीं बोलण्याची दुसरी एक जुनी रीत आहे, आणि संगणकाचें काम करणारे लोक ती अजूनहि दररोज वापरतात. रिकाम्या पडद्यावर एक ओळ टंकावयाची व कळ दाबावयाची. यंत्र ती ओळ वाचून काम करतें. ओळींतील पहिला शब्द ही आज्ञा. त्यापुढील शब्द ती आज्ञा कशी पाळावयाची तें सांगतात. त्यांस आपण विकल्प म्हणूं. घरीं आई म्हणते, "चहा कर, कोरा, दोन कप." ह्यांत 'चहा कर' ही आज्ञा आणि 'कोरा' व 'दोन कप' हे विकल्प. संगणकाच्या ओळींत विकल्प ओळखूं यावा म्हणून त्याच्या आधीं एक किंवा दोन आडव्या रेघा देतात, इतकाच काय तो भेद.

हे विकल्प प्रथम फार आंखूड असत, आणि त्यास कारणहि तसेंच होतें. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं युनिक्स नांवाची कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला. त्या काळीं संगणकाशीं बोलण्याचें साधन म्हणजे टेलिटाइप हें टंकयंत्र. त्याच्या कळा जड असत, आणि तें सेकंदास दहा अक्षरें एवढ्याच वेगानें कागदावर छापी. अशा यंत्रावर लांबलचक शब्द कोण लिहील? म्हणून यादी दाखविण्याच्या आज्ञेचें नांव 'एल एस' अशा दोनच अक्षरांचें, नक्कल करण्याच्या आज्ञेचें 'सी पी', आणि विकल्प तर एकाच अक्षराचा.

ह्या काटकसरीची किंमत पुढें द्यावी लागली. इंग्रजी मुळाक्षरें सव्वीस. विकल्प मात्र वाढतच गेले. मग एकाच अक्षराचे अर्थ आज्ञेगणिक वेगळाले होऊन बसले. 'आर' हें अक्षर यादी दाखविणाऱ्या आज्ञेस जोडलें तर यादी उलट क्रमानें येते. तेंच अक्षर पुसून टाकण्याच्या 'आर एम' ह्या आज्ञेस जोडलें तर एखादा कप्पा त्याच्या आंतील सर्व कप्प्यांसह नाहींसा होतो. जें अक्षर एके ठिकाणीं निरुपद्रवी, तेंच दुसरे ठिकाणीं घातक.

ह्यावर उपाय म्हणून विकल्पांस पुरीं नांवें देण्याची चाल पडली. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं ज्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, त्या प्रकल्पानें ही चाल विशेष रूढ केली. दोन आडव्या रेघा द्यावयाच्या व पुढें आख्खा शब्द लिहावयाचा. वाचणारास त्याचा अर्थ विचारावा लागत नाहीं. परंतु पुरा शब्द टंकण्याचा कंटाळा मनुष्यास असतोच. तेव्हां अशी सवलत देण्यांत आली कीं, शब्दाचा आरंभ तेवढा लिहावा. त्या आरंभाचा दुसरा कोणताहि विकल्प नसेल तर यंत्रानें पुरा शब्द ओळखून घ्यावा. विकल्प वाचण्याचें काम करणारा 'गेटॉप्ट' नांवाचा जो भाग शेंकडों आज्ञावलींत वापरला जातो, त्याच्या ग्नू-रूपांत हा नियम बसविलेला आहे.

हा नियम आमच्या विद्यार्थ्यांस एका परिचित उदाहरणानें सांगतां येईल. शास्त्रवाचनाच्या तक्त्यावर आपण पुस्तकांचीं नांवें आंखूड करून लिहितों. समजा, तक्त्यावर "यो. ३" एवढेंच लिहिलें आहे. आतां 'यो' नें आरंभ होणारीं पुस्तकें निदान तीन: योएल, योना आणि योहान. तिन्हींत तिसरा अध्याय आहे. वाचणारानें काय करावें? "यो. १६" असें असतें तर योहानाचें शुभवर्तमान हें उघड होतें, कारण योएलाचे अध्याय तीनच व योनाचे चारच. पण "यो. ३" वाचून जो मुलगा सरळ निनवेची गोष्ट वाचूं लागेल, त्याचें कदाचित् बरोबर असेल, कदाचित् नसेल. योग्य मार्ग एकच: उठून विचारावें, "सर, योएल, योना कीं योहान?"

ह्या ठिकाणीं यंत्रापुढेंहि तीनच वाटा असतात. आरंभ एकाच शब्दाशीं जुळला, तर तो शब्द घ्यावा. एकाशींहि जुळला नाहीं, तर तसें सांगावें. अनेकांशीं जुळला, तर कांहींएक न करतां थांबावें व जुळणारे सर्व शब्द समोर मांडावे. गेटॉप्ट हेंच करतो. इंग्रजींत 'व्हर्जन' व 'व्हर्बोज' ह्या दोन शब्दांचीं पहिलीं तीन अक्षरें सारखीं आहेत. तेवढींच तीन अक्षरें लिहिलीं तर "हा विकल्प संदिग्ध आहे" असें म्हणून तो दोन्ही शब्द दाखवितो. ह्याखेरीज एक चौथी वाट आहे, ती म्हणजे अंदाज बांधणें. तीच सर्वांत सोयीची दिसते, आणि तीच सर्वांत वाईट. आमच्या हातून ती धरिली गेली, म्हणून हें अधिकारानें सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं हजेरीची एक लहानशी आज्ञावली रचिली. विद्यार्थ्याचा क्रमांक देऊन 'हजेरी --कागद ४१' असें लिहिलें म्हणजे त्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचें पान छापून निघे. मुलांस सोपें जावें म्हणून शब्दाचा आरंभ लिहिला तरी चालेल अशी सोय केली, आणि भिंतीवर एक चिठ्ठी चिकटविली: "पान छापण्यासाठीं: हजेरी --का, पुढें क्रमांक." वर्षभर तें उत्तम चाललें. पुढील वर्षीं शाळा सोडून गेलेल्यांचीं नांवें कमी करण्याची गरज पडली, म्हणून आम्हीं 'काढ' हा नवा विकल्प यादीच्या अखेरीस जोडला. भिंतीवरील चिठ्ठीचें स्मरण झालें नाहीं. आमची आज्ञावली विकल्पांची यादी वरून खालीं वाचीत जाई, आणि जो जो शब्द जुळेल तो तो हातीं धरून आधींचा सोडून देई. त्यामुळें दोन शब्द जुळले तर शेवटचा तेवढा उरे, आणि त्याचीच अंमलबजावणी होई.

आमच्या भागांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या कामास बाहेर जातात व पावसाळ्याच्या तोंडीं परत येतात, हें येथील पालकांस सांगावयास नको. अशाच एका कुटुंबाबरोबर गेलेली एक मुलगी त्या वर्षीं परत आली. आम्हीं तिचें नांव संगणकावर चढविलें. कागदी हजेरीपटांत संध्याकाळीं लिहूं म्हणून तें राहून गेलें. शिष्यवृत्तीच्या अर्जास तिचें पान जोडावयाचें होतें. एका कामसू विद्यार्थ्यानें भिंतीवरील चिठ्ठी पाहून 'हजेरी --का ४१' असें टंकलें. कागद निघाला नाहीं. छापणाऱ्या यंत्रांतील शाई संपली असेल असें समजून तो वर्गांत गेला. शाई संपली नव्हती; मुलीचें नांव निघून गेलें होतें.

दुसऱ्या दिवशीं यादी कार्यालयाकडे रवाना झाली. पंधरा दिवसांनीं ती मुलगी आमच्या मेजापाशीं येऊन उभी राहिली व हळूच म्हणाली, "सर, मी परत आलें तें कोणाला ठाऊक नाहीं का?" ह्या प्रश्नास उत्तर देणें आम्हांस फार जड गेलें. पुरवणी यादी व खुलाशाचें पत्र पाठविलें; कार्यालयानें तें स्वीकारलें व तिची शिष्यवृत्ति वांचली. पण उत्तर पाठवावयाची मुदत टळली असती, तर एका अर्ध्या शब्दानें तिचें एक वर्ष गिळलें असतें.

दोष कोणाचा? मुलाचा नव्हे, त्यानें सांगितलें तसें केलें. यंत्राचाहि नव्हे, त्यानेंहि सांगितलें तसेंच केलें. दोष आमचा, आणि तोहि तिहेरी. दोन अर्थ संभवत असतां विचारावयाचें सोडून अंदाज करणारी रचना आम्हीं केली. जें कृत्य मागें घेतां येत नाहीं, तें अर्ध्या शब्दावर घडूं दिलें. आणि जी सूचना वर्षानुवर्षें टिकावयाची होती, ती भिंतीवर अर्ध्या शब्दांत लिहून ठेविली.

ह्या तिसऱ्या दोषाचा विचार अधिक करावयास पाहिजे, कारण मोठमोठ्या कारागिरांसहि तो चुकलेला नाहीं. 'का' ह्या आरंभाचा शब्द ज्या दिवशीं एकच होता, त्या दिवशीं चिठ्ठी निर्दोष होती. चिठ्ठींत कोणीं एक अक्षर बदललें नाहीं. बदलली ती सभोंवतालची यादी. संक्षेपाचा अर्थ संक्षेपांत नसतो. तो शेजारच्या शब्दांवर अवलंबून असतो. शेजारी नवीन शब्द राहावयास आला कीं जुन्या संक्षेपाचा अर्थ डळमळतो, आणि लिहिणारास त्याचा पत्ताहि नसतो.

म्हणून जाणते लोक दोन प्रसंगांत भेद करतात. मनुष्य स्वतः कळफलकापुढें बसला असेल, तर संक्षेप चालेल. यंत्रानें "संदिग्ध" म्हटलें तर तो तेथल्या तेथें शब्द पुरा करील. संगणकांचीं जाळीं जोडणाऱ्या सिस्को कंपनीच्या यंत्रांवर काम करणारे 'कॉन्फिगर टर्मिनल' असें न लिहितां 'कॉन्फ टी' एवढेंच लिहितात. परंतु जी आज्ञा एकदां लिहून ठेवावयाची व पुढें आपोआप चालावयाची, तींत पुरा शब्दच असावा. पायथन भाषेंत विकल्प वाचणारा 'आर्गपार्स' नांवाचा भाग आहे; तोहि संक्षेप आपण होऊन स्वीकारतो. मात्र २०१५ सालच्या ३.५ ह्या आवृत्तीपासून रचनाकारास ती सवलत बंद ठेवण्याची मुभा मिळाली. सवलत देण्याइतकीच ती नाकारण्याचीहि सोय लागते, हें अनुभवाचें फळ होय.

आणखी एक मधला मार्ग आहे, आणि आम्हांस तो सर्वांत उत्तम वाटतो. अर्धा शब्द लिहून 'टॅब' नांवाची कळ दाबली म्हणजे पुष्कळ ठिकाणीं यंत्रच शब्द पुरा करून ओळींत मांडतें. काम मात्र अद्याप सुरू करीत नाहीं. लिहिणारा तो पुरा शब्द डोळ्यांनीं वाचतो, मान्य असेल तर पुढील कळ दाबतो. श्रम अर्ध्या शब्दाचे, आणि नोंद पुऱ्या शब्दाची. आमच्या चिठ्ठीच्या जागीं ही रीत असती, तर त्या मुलास पडद्यावर एकाऐवजीं दोन शब्द दिसते व तो आम्हांस विचारावयास आला असता.

संगणक येण्यापूर्वींहि आपल्या महाराष्ट्रानें हा धडा अनुभविलेला आहे. जुन्या मोडी कागदांत कारकून 'राजश्री' बद्दल नुसतें 'रा' लिहीत. कालगणनेचें 'सुहूर सन' लिहावयाचें तर 'सु' एवढेंच. आणि मुसलमानी महिन्याच्या तिथीमागें 'छ' हें एकटें अक्षर घालीत. दप्तरांत बसलेल्या दुसऱ्या कारकुनास तें लगेच कळे, कारण दोघांचा अभ्यास एक. आज तोच कागद वाचावयास बसणारास मोडी वळण शिकून भागत नाहीं. ह्या संक्षेपांची यादी निराळी शिकावी लागते. कारकून गेले, संक्षेप राहिले. संक्षेप हा लिहिणारा व वाचणारा ह्यांमधील करार आहे. दोघांपैकीं एक बदलला कीं करार पुनः वाचून पाहावा लागतो.

देवनागरींत आज्ञा लिहूं इच्छिणाऱ्या आमच्या हौशी विद्यार्थ्यांसाठीं एक गोष्ट आणखी सांगावयाची आहे. 'पोशेरा' हा शब्द आपल्या डोळ्यांस तीन अक्षरांचा दिसतो: पो, शे, रा. संगणकांत मात्र युनिकोडच्या पद्धतीप्रमाणें त्याच्या सहा खुणा सांठविल्या जातात: प, ओकाराची मात्रा, श, एकाराची मात्रा, र, आणि काना. त्यामुळें नुसत्या खुणा जुळवून पाहणाऱ्या आज्ञावलीस 'प' हा 'पोशेरा' चाहि आरंभ वाटतो व 'पालघर' चाहि. मराठी वाचणारास मात्र 'प' हा त्या दोहोंपैकीं कोणाचाच आरंभ नव्हे. एकाचा 'पो' व दुसऱ्याचा 'पा'. तेव्हां आपल्या भाषेंत संक्षेप ओळखावयाचा तर मात्रा सोडून दिलेलें अर्धवट अक्षर न घेतां पुरें अक्षर हेंच माप धरावें. परक्या लिपीसाठीं केलेला नियम जशाचा तसा उचलला, तर आपल्या लिपींत तो असा अडखळतो.

सारांश, अशी आज्ञावली रचणारानें पुढील नियम पाळावे. पुरा शब्द लिहिलेला असेल तर तोच प्रमाण मानावा, मग तो दुसऱ्या एखाद्या लांब शब्दाचा आरंभ असला तरी हरकत नाहीं. अर्धा शब्द एकाशींच जुळला तर तो घ्यावा, आणि आपण काय समजलों तें पडद्यावर लिहून दाखवावें. अनेकांशीं जुळला तर थांबावें व सर्व शब्द दाखवावे. पुसून टाकणें, नांव कमी करणें, पैसे देणें अशा कृत्यांस अर्धा शब्द कदापि पुरेसा मानूं नये. नवा विकल्प जोडण्यापूर्वीं जुन्या विकल्पांचे आरंभ तपासावे. आणि जें लिहून ठेवावयाचें, तें पुरें लिहावें.

आमची आज्ञावली आम्हीं ह्याप्रमाणें दुरुस्त केली. आतां 'हजेरी --का' असें कोणी लिहिलें, तर यंत्र "कागद कीं काढ?" असें विचारतें, आणि 'काढ' हा शब्द पुरा लिहिला तरी नांव दाखवून पुनः एकदां विचारतें. भिंतीवरील जुनी चिठ्ठी काढून तेथें पुऱ्या शब्दांची चिठ्ठी लाविली आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांपैकीं कित्येकजण पुढें संगणकाचें काम कराल. पुष्कळजण करणार नाहींत. पण फॉर्म भरणें, अर्ज लिहिणें, दुसऱ्याचें नांव यादींत घालणें हें प्रत्येकाच्या वाट्यास येईल. तेव्हां घाईंत असतांना आपला श्रम वांचविण्यासाठीं शब्द आंखूड करण्याचा मोह होईल. त्या वेळीं इतकेंच मनांत आणावें कीं, वांचणारा क्षण आपला असतो, आणि चुकणारा अर्थ बहुधा दुसऱ्याचा. आणि पालकांसहि विनंति कीं, शाळेंतून अगर कार्यालयांतून आलेल्या कागदावर मुलाचें अगर गांवाचें नांव अर्धवट लिहिलेलें दिसलें, तर संकोच न धरतां तें पुरें लिहवून घ्यावें. न समजल्यास विचारणें ह्यांत कमीपणा नाहीं. तें आम्हीं एका यंत्रास शिकविलें, पण आधीं तें एका मुलीकडून आम्हांस शिकावें लागलें.